वर्तुळाकार गती: या चुका टाळा

अकरावीच्या वह्या तपासायला घेतल्या की एक बाण मला हमखास भेटतो. दोरीला बांधून फिरवलेला दगड, दोरीच्या दिशेनं आत जाणारा एक बाण, आणि बरोबर उलट, बाहेरच्या दिशेला तेवढ्याच लांबीचा दुसरा. शेजारी सुवाच्य अक्षरात ‘अपकेंद्री बल’. मी विचारतो, दोन्ही बलं सारखी आणि विरुद्ध असतील तर ती एकमेकांना खोडून टाकतील, मग दगड वळतो कशानं? वर्ग गप्प होतो. हा बाण मुलांनी अनुभवावरून काढलेला असतो. घाटात एसटी डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलंडतो, कुणीतरी बाहेर ओढल्यासारखं वाटतं. ते वाटणं खरं आहे, त्याचा अर्थ लावताना चुकतं.

तीच एसटी घाटाच्या कठड्यावर बसून पाहिली असं समजा. प्रवासी आधीच्याच दिशेनं सरळ निघालेला असतो आणि बस त्याच्याखालून डावीकडे वळते. मग खिडकीची बाजू, बाकाचा दांडा किंवा शेजारी त्याला आत रेटतो, तेव्हा कुठे तोही वळतो. त्यामुळे आकृती काढण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: आत कोण ओढतंय?

अपकेंद्री बलाचं नावच घ्यायचं नाही, असं काही ठिकाणी शिकवतात. ते मला पटत नाही. बसलाच स्थिर मानून, बसमध्ये बसून गणित करायचं असेल तर हे आभासी बल घ्यावंच लागतं, आणि उत्तरही बरोबर येतं. अर्धं गणित बसमधून आणि अर्धं कठड्यावरून केलं की मात्र सगळं बिघडतं.

आत आणि बाहेरच्या या दोन बाणांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणणं ही त्याच चुकीची बहीण. क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच वस्तूवर कधीच नसतात. दोरी दगडाला आत ओढते, दगड दोरीला बाहेर ओढतो. दुसरा बाण दोरीच्या आकृतीत काढायचा, दगडाच्या नाही.

आता दोरी सुटली तर? बहुतेक जण सांगतात, दगड केंद्रापासून थेट बाहेर उडेल. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्या माणसाला हे विचारून पाहा. गोफणीच्या एका टोकाचा फास बोटात अडकवलेला, दुसरं टोक चिमटीत, मधल्या खळग्यात गुंडा, म्हणजे दगड. समजा गोफण डोक्यावर अशी फिरतेय की गुंडा मागून उजवीकडे आणि उजवीकडून पुढे येतो. पाखरं समोर आहेत. गुंडा समोर आल्यावर चिमूट सोडली तर तो डावीकडे जाईल. तो उजव्या हाताला असताना सोडला, तरच समोर जातो. सुटलेली वस्तू त्या क्षणीच्या स्पर्शिकेच्या, म्हणजे वर्तुळाला त्या बिंदूपाशी टेकणाऱ्या सरळ रेषेच्या, दिशेनं जाते, हा धडा त्या मनगटाला पाठ असतो. गोफण १ मीटर लांब, गुंडा १०० ग्रॅमचा आणि सेकंदाला २ फेरे धरले, तर दोरीवरची ओढ साधारण १६ न्यूटन भरते. दीड किलोहून जास्त वजन बोटाला लटकावल्यासारखं.

आणखी एक चूक गुण खाते: ताण, वजन असे सगळे बाण काढून झाल्यावर वर ‘अभिकेंद्री बल’ म्हणून एक जादा बाण काढणं. अभिकेंद्री, म्हणजे केंद्राकडे वळवणारं, हा हुद्दा आहे. त्या हुद्द्यावर कधी दोरीचा ताण असतो, कधी रस्त्याचं घर्षण, कधी गुरुत्वाकर्षण. ३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ३६ किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीला आतल्या दिशेनं ३.३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण लागतं. ते टायरच्या घर्षणातून मिळतं. वेग ५४ केला, म्हणजे दीडपट, तर गरज सव्वादोन पट होते, ७.५. पावसात भिजलेला डांबरी रस्ता तेवढं देऊ शकत नाही. तिथे गाडीला कुणी बाहेर फेकत नाही. तिला आत वळवणारं घर्षण अपुरं पडतं, म्हणून ती सरळ जाते.

पाण्याची बादली उभी गरगर फिरवताना वरच्या बिंदूला पाणी सांडत नाही, कारण ‘बाहेरचं बल त्याला धरून ठेवतं’, हेही ऐकू येतं. खरं तर तिथे वजन आणि बादलीचा तळ, दोघंही पाण्याला खालीच ढकलतात. पाणी पडतच असतं, फक्त त्याच्या आडव्या वेगामुळे बादलीबरोबर वळत वळत. हात आणि बादली मिळून त्रिज्या १ मीटर असेल, तर वरच्या बिंदूला सेकंदाला निदान ३.१ मीटर वेग हवा. त्याहून कमी झाला की आंघोळ.

अवकाश स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, हे वाक्य २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला तिथे गेले तेव्हाही बातम्यांत पुन्हा पुन्हा आलं. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असतं, आणि तेच अभिकेंद्री बल आहे. ते नसतं तर स्थानक सरळ निघून गेलं असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पडत राहतात, म्हणून तरंगतात.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या चित्रपटासाठी सुमारे १२ मीटर व्यासाचं, खरोखर फिरणारं चाक बांधलं होतं. यानातल्या अशा चाकात माणसं कडेवर पाय टेकून चालू शकतात, ही कल्पना बरोबर आहे: जमीन पायांना आत, अक्षाकडे रेटते आणि ते वजनासारखं जाणवतं. पण एवढ्या लहान चाकात पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर ५ सेकंदांना एक फेरा लागेल, आणि उभ्या माणसाच्या डोक्यापाशी तो परिणाम पायांपेक्षा ३० टक्क्यांनी कमी असेल. त्यामुळे कल्पनेतली फिरती यानं पाहताना आधी चाकाची त्रिज्या बघा.

सगळं कळूनही उत्तर जुळत नसेल तर दोनच गोष्टी तपासा. मिनिटाचे फेरे सेकंदात आणून २π नं गुणले का? आणि व्यासाला त्रिज्या समजलात का? व्यास घातला तर त्वरण दुप्पट येतं, ६० नं भागायचं राहिलं तर ३,६०० पट. वॉशिंग मशीनवर करून पाहा: मिनिटाला १,२०० फेरे, ड्रमचा व्यास ५० सेंटिमीटर. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४०० पट यायला हवं. म्हणजे ५० ग्रॅमच्या ओल्या रुमालाला ड्रमची भिंत २० किलोच्या भारानं आत दाबत असते. भोकापाशी आलेल्या पाण्याला मात्र आत दाबायला भिंतच नसते, आणि ते स्पर्शिकेनं निघून जातं.