भारत-चीन हार्डवुड आयात: आकडे ताडताना या चुका टाळा

भारत आणि चीनच्या हार्डवुड (सागासारख्या रुंद पानांच्या झाडांचं लाकूड) आयातीचा वीसेक वर्षांचा आलेख काढलात आणि भारताची रेघ तळालाच चिकटून बसली, तर आधी कोड तपासा, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाला दिलेले आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे (एचएस) आकडे. घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. ४४०७ म्हणजे सहा मिलिमीटरहून जाड चिरलेलं लाकूड आणि ४४०३ म्हणजे गोल लाकूड, ओंडके. आपल्याकडे वर्षानुवर्षं मुख्यतः ओंडके येत आले. गुजरातच्या कांडला बंदरात उतरायचे, जवळच्या गांधीधामच्या सॉ मिलमध्ये चिरायचे. चीन दोन्ही भरपूर घेतो. नुसतं ४४०७ पाहिलं तर आपल्याकडे सागवानाचं दार कुणी बसवतच नाही असं वाटेल!

दोन्ही कोड घ्या, पण घनमीटर तसेच बेरजेत टाकू नका. ओंडका चिरला की कडेची फळकुटं आणि भुसा वजा जाऊन साधारण निम्मं लाकूड हाती लागतं. आधी सगळं ओंडक्याच्या मापात आणा आणि कोणता गुणक धरला ते तक्त्याखाली लिहा.

अख्खं ४४०३ हार्डवुड धरणं ही उलटी चूक. कांडल्याला न्यूझीलंडचा पाइनही येतो, तो सॉफ्टवुड. हार्डवुड झाडाच्या जातीवरून ठरतं, नख रोवून नाही. पिसासारखा हलका बाल्साही हार्डवुडच.

आता वर्षांचं. चीनचे आकडे जानेवारी ते डिसेंबरचे, आपले बहुधा एप्रिल ते मार्चचे. एरवी खपून जातं, पण म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तिथे दगा होतो. बंदीआधी माल उचलायची घाई झाली. जानेवारी-मार्चमधला तो माल आपल्याकडे २०१३-१४ मध्ये पडतो, चीनकडे २०१४ मध्ये. मार्चअखेर निघालेली जहाजं एप्रिलमध्ये लागली असतील तर आणखी गोंधळ. यावर उपाय एकच, मासिक आकडे घेऊन दोघांचं वर्ष सारखं करा. आणि बंदीनंतरची घसरण पाहून ‘भारतात सागाची मागणी आटली’ असं लिहू नका. आटला तो पुरवठा.

२०२२ मध्ये साग अचानक शून्यातून उगवलेला दिसला तर दचकू नका. त्या वर्षीच्या कोडांच्या फेररचनेत सागाला ४४०३४२ आणि ४४०७२३ असे स्वतंत्र कोड मिळाले. त्याआधी तो ‘इतर’ उष्णकटिबंधीय लाकडात दडलेला होता. आठ अंकी कोड मात्र ज्याचे त्याचे. दोन देशांत पहिले सहाच अंक जुळतात.

रुपयातली रक्कम घेऊ नका. रुपया घसरला की आयात वाढल्याचा भास होतो.

शेवटची चूक वखारीतली. सागाचे ओंडके कित्येक ठिकाणी हॉपस पद्धतीनं मोजतात: घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी. हे माप खऱ्या घनफळापेक्षा सुमारे साडेएकवीस टक्के कमी भरतं. म्हणून एका घनमीटरचे खरे घनफूट ३५.३, पण हॉपस २७.७. दोन ठिकाणच्या आकड्यांत नेमका एवढाच फरक येत असेल, तर चोरी शोधण्याआधी विचारा, घनफूट कुठला?