शरीरातली लहान-मोठी चक्रं स्वतःवर कशी टिपावीत

झोप आणि जाग यांचं चोवीस तासांचं चक्र सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून लहान आणि मोठी चक्रंही शरीरात अखंड चालू असतात. झोपेचं एक आवर्तन साधारण ७० ते १२० मिनिटांचं असतं. नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीनं मोकळ्या होतात. दुसऱ्या टोकाला मासिक पाळी आहे. दिवसाहून लहान चक्राला अल्ट्राडियन म्हणतात, मोठ्याला इन्फ्राडियन. वही, घड्याळ आणि थोडी चिकाटी असेल तर यातली काही घरीच टिपता येतात.

१. एकच गोष्ट निवडा. उत्साह, भूक, एकाग्रता असं सगळं एकदम लिहायला घेतलं की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. सुरुवात नाकपुड्यांपासून करा, कारण तिथे मनाचे खेळ चालत नाहीत. छोटा आरसा नाकाखाली धरून सावकाश श्वास सोडा. वाफेचे दोन डाग उमटतात. ज्या बाजूचा डाग मोठा, ती नाकपुडी जास्त मोकळी. नोंद नेहमी ताठ बसूनच घ्या. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते आणि मग तुम्ही चक्र नाही, कूस मोजत असता. सर्दी असेल तर ते दिवस सोडून द्या.

२. नोंदींमधलं अंतर ठरवा. सगळं इथेच बिघडतं. माझे कितीतरी आठवडे इथेच वाया गेले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘दर दोन तासांनी लिहा’ हा सल्ला सर्रास मिळतो. मीही तसंच केलं. किती तरतरी वाटते याला एक ते दहा गुण देत गेले. आलेखात सहा तासांची सुरेख लाट दिसली आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. नंतर कागदावर साधी आकडेमोड केली तेव्हा डोळे उघडले. समजा खरं चक्र नेमकं ९० मिनिटांचं आहे आणि तुम्ही १२० मिनिटांनी नोंद घेता. पहिली नोंद चक्राच्या सुरुवातीला पडली, तर दुसरी पुढच्या चक्राच्या तिसाव्या मिनिटाला पडेल, तिसरी साठाव्या मिनिटाला आणि चौथी पुन्हा सुरुवातीला. म्हणजे ३६० मिनिटांनी तेच चित्र परत येतं. शरीरात सहा तासांचं काहीही नसताना कागदावर सहा तासांची लाट उभी राहते! असं चक्र माझ्यात खरंच होतं की नाही, हे त्या वहीवरून कधीच ठरणार नव्हतं. नोंदी कितीही वाढवल्या तरी अंतर तेच ठेवलं तर ही चूक सुधारत नाही.

म्हणून नियम पक्का धरा. जे चक्र शोधताय त्याच्या एका फेऱ्यात दोनाहून जास्त नोंदी पडायलाच हव्यात. मी पाच-सहाच्या खाली जात नाही. दीड तासाच्या चक्रासाठी दर १५ मिनिटांनी. दिवसभर ते जमत नाही, जमवूही नका. सलग सहा तास निवडा आणि निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या वेळी तेच करा.

दुसरी सूचनाही तितकीच महत्त्वाची: मागची नोंद झाकून पुढची लिहा. मागचा आकडा दिसला की हात नकळत त्याच्याशी जुळवून घेतो.

३. आलेख काढा. आधी ठिपके, रेघ नंतर. फेरे सारखे येतील अशी अपेक्षा धरू नका. नाकपुड्यांची पाळी कधी अर्ध्या तासात बदलते, कधी कित्येक तासांनी, आणि काहींच्यात नियमित आलटापालट दिसतच नाही.

झोपेच्या बाबतीत ‘९० मिनिटांच्या पटीत गजर लावा’ हा सल्ला मी कुणालाही देत नाही. आवर्तनं एका रात्रीतही सारखी नसतात, डोळा कधी लागला हे आपल्याला नेमकं कळत नाही, आणि प्रत्येक आवर्तनात दहा मिनिटांचा फरक धरला तरी पाच आवर्तनांत पन्नास मिनिटं सरकतात. पुरेशी झोप घ्या, पटीचा हिशेब सोडा.

४. मोठी चक्रं. यांना दिवसातून एक नोंद पुरते, पण महिने द्यावे लागतात. मासिक पाळीसाठी जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठण्याआधी, रोज एकाच वेळी तापमान घ्या. दशांशानंतर दोन अंक दाखवणारा थर्मामीटरच हवा, कारण बीजोत्सर्गानंतरची वाढ जेमतेम ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस असते. ताप किंवा जागरण असेल तर त्या आकड्याभोवती गोल करा. निदान तीन पाळ्या पूर्ण झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. गर्भधारणा टाळण्यासाठी केवळ या नोंदीवर विसंबू नका. वाढ दिसते तोवर बीज बाहेर पडून गेलेलं असतं. प्रौढ वयात पाळी वारंवार २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांनंतर येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

सात दिवसांचं चक्र सापडलं तर आधी कामाच्या वेळापत्रकावर संशय घ्या. लांब सुट्टीतही तेच चक्र टिकतं का, ते पाहा.

जन्मतारखेवरून २३, २८ आणि ३३ दिवसांची ‘बायोरिदम’ चक्रं काढून देणारे तक्ते मात्र बाजूला ठेवा. त्यातले २३ आणि २८ हे आकडे बर्लिनचे डॉक्टर विल्हेल्म फ्लीस यांच्या कल्पनेतून आले आणि तपासणीत ते टिकलेले नाहीत. खरी पाळी आजारपणानं, प्रवासानं, ताणानं मागे-पुढे होते. जन्मतारखेला यातलं काहीच कळत नाही, तुमच्या वहीला कळतं.