देशाचे ऊर्जा-मिश्रण आकड्यांतून कसे वाचावे

भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू अशा) स्रोतांची झाली, हा टप्पा २०२५ च्या मध्यास गाठला गेला. मात्र २०२४-२५ या वर्षात देशात तयार झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासूनच मिळाली होती. ही दोन्ही विधाने खरी आहेत. त्यामुळे ऊर्जा-मिश्रणाचा, म्हणजे कोणत्या स्रोतातून किती ऊर्जा मिळते याचा, कोणताही तक्ता हाती घेतल्यावर त्यात क्षमता मोजली आहे, निर्मिती मोजली आहे की एकूण ऊर्जा, हे सर्वांत आधी पाहावे.

क्षमता आणि निर्मिती यांतील फरक स्वतः गुणाकार करून पाहिला की कायमचा लक्षात राहतो. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे १ मेगावॉटचा संच अखंड चालला तर वर्षाला ८७.६ लाख युनिट वीज देईल. रात्र, ढग आणि धूळ यांमुळे सौर प्रकल्पाचा भारांक (अखंड पूर्ण क्षमतेने चालल्यास मिळेल त्या विजेपैकी प्रत्यक्ष मिळणारा वाटा) साधारण २० टक्के धरला, तर हाती सुमारे १७.५ लाख युनिट येतात. ७० टक्के भारांकाने चालणारा औष्णिक संच ६१ लाखांच्या पुढे जातो. कमी भारांक म्हणजे कमी उपयोग, असा अर्थ मात्र काढू नये. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट असली तरी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा असल्याने ती बाराही महिने पूर्ण क्षमतेने चालवता येत नाही; परंतु मागणी एकदम वाढते तेव्हा काही मिनिटांत उभी राहणारी ही वीज राज्याला फार मोलाची ठरते.

यानंतर वीज आणि ऊर्जा यांची गल्लत टाळावी. ट्रकचे डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, पोलाद कारखान्यातील कोळसा आणि चुलीतले सरपण ही सारी ऊर्जाच आहे, पण विजेच्या तक्त्यात ती कुठेच दिसत नाही. सरपण आणि गोवऱ्या तर ‘व्यापारी ऊर्जा’ दाखवणाऱ्या तक्त्यांतूनही वगळल्या जातात, आणि मग खेड्यांतल्या स्त्रियांचे सरपण वेचण्याचे श्रमही हिशेबाबाहेर राहतात.

बदल समजून घेताना टक्केवारीशेजारी प्रत्यक्ष परिमाण लिहिण्याची सवय लावावी, कारण मागणी वाढत असलेल्या देशात एखाद्या स्रोताचा वाटा घटूनही त्याचा वापर वाढू शकतो. भारतात सौर आणि पवन क्षमता वेगाने वाढत असतानाच २०२४-२५ मध्ये कोळशाचे उत्पादन प्रथमच १०० कोटी टनांपुढे गेले. ब्रिटनमध्ये याउलट घडले: २००५ नंतर विजेची मागणीच उतरत गेली, २०१३ पासून कार्बन उत्सर्जनावर किमान दर लागू झाला, नैसर्गिक वायू आणि समुद्रातील पवनचक्क्या उपलब्ध होत्या, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ येथील शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले. फ्रान्सचे वळण तेलटंचाईने घडवले. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये तेथील सरकारने अणुभट्ट्यांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला.

म्हणून दहा वर्षांच्या अंतराने दोन तक्ते निवडावेत आणि प्रत्येक स्रोताची निर्मिती युनिटमध्ये मांडावी. भारतासाठी हे आकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अहवालांत मिळतात. नव्या स्रोतांनी वाढलेली मागणी तेवढी भागवली, की जुन्या स्रोताची वीज खरोखर कमी केली, हे त्या वजाबाकीतून कळते.