बटेरांसाठी बाहेरचा पिंजरा बांधताय? या चुका टाळा

बटेर म्हणजे छोटी कोंबडी, असं धरून पिंजरा बांधला की निम्म्या चुका तिथेच होतात. कोंबडी दांडीवर बसते, अंधार पडला की आपणहून खुराड्यात परतते. पाळीव जपानी बटेर (लावा) जमिनीवरच झोपतो, दचकला की सरळ वर झेपावतो आणि एकदा निसटला की सहसा परत येत नाही.

अधलीमधली उंची

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. छत 60 ते 120 सेंटीमीटरवर असेल तर उडीला पुरता वेग येतो आणि डोकं जाळीवर आदळतं. माथ्याची कातडी सोलवटते, कधी मानच मोडते. म्हणून छत एकतर 25-30 सेंटीमीटरवर ठेवा, म्हणजे उडी जोर धरायच्या आतच थांबते. नाहीतर थेट 180 सेंटीमीटरच्या वर न्या. मधल्या उंचीचा पिंजरा तयार असेल तर मोडायची गरज नाही. छताखाली 5-7 सेंटीमीटर जागा सोडून मऊ जाळं किंवा शेडनेट सैलसर बांधा. आत फांद्या, गवताच्या पेंढ्या, तोंड उघडी खोकी ठेवा. आडोसा मिळाला की पक्षी उडण्यापेक्षा लपणं पसंत करतो. दांड्या मात्र लावू नका, त्यांचा उपयोग शून्य.

जखम नीट बघा. माथा सोलला असेल तर दोष छताचा. मानेमागची आणि पाठीवरची पिसं गेली असतील तर नर जास्त झालेत. एका नरामागे चार-पाच माद्या हव्यात आणि दर पक्ष्याला निदान 0.1 चौरस मीटर जागा.

कोंबड्यांची षटकोनी जाळी

ही जाळी बटेराला आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही. 25 मिलिमीटरच्या भोकातून उंदीर आत येतो, कुत्रा ती तार सहज फाडतो. 12 मिलिमीटर चौकोनाची, साधारण 1 मिलिमीटर जाड तारेची वेल्डेड जाळी घ्या. ती नुसत्या स्टेपलच्या पिनांवर सोडू नका. जोर लावला की पिना उपटतात. कडेवर लाकडी पट्टी दाबून दर 10-15 सेंटीमीटरवर स्क्रू मारा.

जाळी शाबूत, पण जाळीलगत मुंडकं नसलेला पक्षी? बाहेरून कुणीतरी ओढलंय. बटेर रात्री कडेला चिकटून बसतात, त्यामुळे खालचे 30-40 सेंटीमीटर फळीने बंद करणंच बरं.

उकरणाऱ्या प्राण्यांसाठी खोल चर खणत बसू नका. पिंजऱ्याभोवती 40 सेंटीमीटर रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरा, आतली कड चौकटीला घट्ट जोडा, वर माती-दगड टाका. प्राणी भिंतीलगतच उकरायला लागतो आणि जाळीवर अडतो.

पूर्ण तारेचा तळ

स्वच्छतेला सोपा, पण तळव्यांना घट्टे आणि फोड येतात. निदान अर्ध्या भागात फळी टाकून त्यावर कोरडा भुसा पसरा, आणि अंग घोळायला कोरड्या वाळूचा पसरट ट्रे ठेवा. तळ मातीचा असेल तर ओल राहू देऊ नका. ओल्या विष्ठेत कॉक्सिडिओसिस (आतड्यांचा परजीवी रोग) पसरतो. खाली वाकल्यावर नाकाला अमोनिया झोंबला तर भुसा त्याच दिवशी बदला.

छत किमान दोन तृतीयांश बंद आणि उतरतं असावं, पाणी दाराच्या उलट बाजूला पडेल असं. नुसता पत्रा उन्हात भट्टीसारखा तापतो. खाली प्लायवूड लावून मध्ये हवेची फट सोडा. वाऱ्याची बाजू बंद, पण वरती हवा खेळती हवी.

एकच मोठं दार

उंच पिंजऱ्याला दोन दारांचा छोटा कप्पा करा: पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. बुटक्या पिंजऱ्याचं झाकण दोन भागांत करा आणि एका वेळी एकच भाग उचला. कडी धक्क्याने निसटते, म्हणून तिच्यात स्प्रिंगचा हूक अडकवा. दाराच्या कडेची फटही 12 मिलिमीटरपेक्षा मोठी नको. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, तेव्हा ती ऋतू बदलला की पुन्हा मोजा.