गोबरगॅस बंद पडलाय? पाडून टाकण्याआधी या चुका तपासा

भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीवर मागच्या थंडीत गेलो होतो. परसात गोबरगॅसचा घुमट होता, त्यावर शेणी वाळत घातलेल्या. आत चुलीवर भाकरी चाललेल्या आणि भिंतीला रिकामा सिलिंडर टेकवून ठेवलेला. वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "दोन वर्षं झाली बंद हाय. जाळ भकभक करायचा आणि इझायचा. गवंडी म्हणाला, घुमटाला तडा गेलाय, पाडून नवा बांधा. मग शेण घालायचंच सोडलं."

घुमटाला काही झालेलं नव्हतं. गोठ्याकडून स्वयंपाकघरात येणारी काळी नळी मध्येच झोळीसारखी लोंबत होती. शेगडीकडचं टोक सोडवून ती उचलून झटकली, तर तांब्याभर पाणी बाहेर आलं. तेवढ्या पाण्यापायी त्या माउलीनं दोन वर्षं धूर सोसला होता.

असे बंद गोबरगॅस मी गावोगाव पाहतो. त्यातले खरोखर मोडलेले फार थोडे असतात. बाकीचे उपाशी असतात, गुदमरलेले असतात, नाहीतर त्यांना भलतंच काही खायला घातलेलं असतं. गोबरगॅस म्हणजे गोठ्यातलं आणखी एक जनावर आहे. त्याच्या पोटात जिवाणू आहेत, त्यांना रोज आणि बेतानं खायला लागतं. हे एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं जातं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर हिशेब बघा. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण साडेतीन किलो सरपण किंवा ४५० ग्रॅम एलपीजी. २ घनमीटरचं, म्हणजे दिवसाला तेवढा गॅस देणारं संयंत्र पूर्ण क्षमतेनं चाललं तर रोजचं सात किलो लाकूड वाचतं. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून घरोघर सिलिंडर पोचले हे चांगलंच झालं, पण हातात रोख पैसा नसला की दुसरी टाकी भरली जात नाही आणि बाई परत रानात मोळीला जाते. गोठ्यातल्या शेणाला मात्र रोकड लागत नाही.

गरिबांचं जैवइंधन म्हणून मध्यंतरी मोगली एरंडाचा (जट्रोफाचा) फार गाजावाजा झाला होता. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून येईल आणि बियांच्या तेलावर शेतकरी वर येईल असं सांगितलं गेलं. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत पेट्रोल-डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळायचं लक्ष्य ठेवलं होतं, ते गाठता आलं नाही. टांझानिया, मोझांबिकमध्येही मोठमोठ्या लागवडी झाल्या आणि कंपन्या निघून गेल्या. झाड पाण्यावाचून जगलं, पण बी धरेना. वेचणीची मजुरी सुटेना, आणि पेंड विषारी म्हणून जनावरालाही घालता येईना. आपली जमीन घालून दुसऱ्याच्या गाडीसाठी पिकवलेलं ते इंधन होतं. गोबरगॅस घरचा आणि घरातच जळणारा, म्हणून तो बंद पडलेला पाहिला की मला जास्त लागतं.

दोन गाई आणि चार घनमीटर

अनुदान जास्त मिळतं म्हणून मोठं संयंत्र बांधायचं, ही पहिली चूक. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे २ घनमीटरला, २००० लिटरला, रोज ५० किलो शेण हवं. गाय दिवसाला दहाएक किलो शेण देते, म्हैस पंधराच्या आसपास. पण जनावर दिवसभर चरायला जात असेल तर त्यातलं निम्मं रानातच पडतं. गोठ्यात मिळतं तेवढंच मोजा. आठवडाभर सकाळी पाटीनं मोजून मग आकार ठरवा. २५ किलो मिळत असेल तर १ घनमीटर पुरे.

जागा ठरवताना घरातल्या बाईला विचारा. शेण तीच कालवणार, पाणी तीच आणणार. पन्नास किलो शेणाला पन्नास लिटर पाणी लागतं, ते लांबून आणायचं असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात शेण घालणं थांबतं. गोठा आणि स्वयंपाकघर दोन्ही जवळ हवीत, दिवसभर ऊन लागणारी जागा हवी, आणि पिण्याच्या विहिरीपासून दहा-पंधरा मीटर तरी अंतर हवं. झाडाखाली नको. मुळं विटांमध्ये शिरतात.

शेण कालवताना

ताजं शेण आणि पाणी सारख्या मापानं. काला धिरड्याच्या पिठासारखा झाला पाहिजे. ताकासारखा पातळ झाला तर अर्धं शेण न कुजताच बाहेर निघून जातं, घट्ट राहिला तर आत साय धरते आणि गॅस तिच्याखाली अडकतो. शेण आपल्याकडच्या हवामानात तीस-चाळीस दिवस आत राहिलं पाहिजे, हा सगळा त्याचा हिशेब आहे.

काल्यातून वैरणीच्या काड्या हातानं काढा. गोठ्याची जमीन मातीची असेल तर शेणाबरोबर माती येते आणि तळाशी बसत जाते. चार-पाच वर्षांत टाकीची निम्मी जागा गाळानं गेलेली मी पाहिली आहे. काला हौदात पाच मिनिटं निवळू द्या, माती खाली बसली की मग बूच काढा. गोठा फिनेलनं धुतला असेल तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका. जनावराला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर त्याचं शेण आठवडाभर उकिरड्यावर टाका.

संयंत्र नवं असेल तर सुरुवातीला दीड-दोन टन शेण लागतं. ते महिनाभर साठवून वाळकं घालू नका, दोन-चार घरांतून ताजं गोळा करा. आणि विरजण लावा: शेजारच्या चालू गोबरगॅसची दोन पिंप स्लरी आणून ओता. दही लावायला विरजण लागतं तसंच हे. पहिला गॅस पेटत नाही, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्या. "गॅस येतो पण जळत नाही" म्हणून पहिल्याच आठवड्यात हाय खाणारी कितीतरी घरं मी पाहिली.

ज्योत उड्या मारते, पिवळी जळते, किंवा लागतच नाही

इथं सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या सगळ्यात स्वस्तात सुटतात.

गोबरगॅसबरोबर वाफ येते. नळीत ती थंड होऊन पाणी होतं आणि जिथं नळी खाली झुकली आहे तिथं साचतं. ज्योत भकभक करायला लागली की आधी पाणी बघा. नळीला संयंत्राकडे उतार ठेवा, म्हणजे पाणी आपोआप परत जाईल. तसं जमत नसेल तर सगळ्यात खालच्या जागी टी जोडून एक कॉक बसवा आणि आठवड्यातून एकदा पाणी सोडा. पावसाळ्यात आणि थंडीत दोनदा. तारेनं दर चार हातांवर नळी बांधून घ्या, लोंबू देऊ नका.

दुसरी गोष्ट शेगडीची. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर ती चालत नाही. तिचं जेटचं भोक फार बारीक असतं, आणि गोबरगॅसचा दाब कमी. यात मिथेन असतो ५५ ते ६५ टक्के, त्यामुळे तेवढ्याच आचेला गॅस जास्त लागतो. गोबरगॅसची वेगळी शेगडी मिळते, तीच घ्या. ज्योत पिवळी असेल तर हवेची झडप थोडी उघडा, ज्योत बर्नरपासून वर उचलून विझत असेल तर थोडी बंद करा. बर्नरची भोकं दूध उतू जाऊन बुजलेली असतात, ती सुईनं साफ करा.

तरीही गॅस कमीच येत असेल तर गळती शोधा. काडी पेटवून अजिबात शोधू नका. साबणाचा फेस सांध्यांवर लावा, बुडबुडा येईल तिथं गळती. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तोच लोखंड खातो. म्हणून घुमटाऐवजी गॅस धरणारी तरंगती लोखंडी टाकी असेल तर दर वर्षी पावसाळ्याआधी काळा रंग द्या. खादी ग्रामोद्योगची तरंगती टाकी गंजली म्हणून सोडून दिलेली घरं बरीच आहेत. १९८४ मध्ये अफप्रो (AFPRO) संस्थेनं आणलेल्या पक्क्या घुमटाच्या दीनबंधू पद्धतीत लोखंड नाही, पण घुमटाचा गिलावा मुरलेल्या गवंड्याच्याच हातचा हवा.

घुमट गळतोय की नळी, हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की घुमटावरचा मुख्य कॉक बंद करा आणि बाहेरच्या हौदात स्लरी जिथवर आहे तिथं कोळशानं रेघ मारा. रात्रभर गॅस साठला की तो स्लरीला बाहेर ढकलतो. सकाळी पातळी रेघेच्या वर आली तर घुमट ठणठणीत आहे आणि दोष नळीत किंवा शेगडीत आहे. रोज नीट शेण घालूनही पातळी हललीच नाही किंवा खाली गेली, तर मात्र घुमटाकडे बघावं लागेल. ही रेघ मारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून घुमटाला पहार लावू नका.

थंडीत गॅस कमी येणारच. जिवाणूंना ऊब लागते, २० अंशांच्या खाली ते मंदावतात. काल्याचं पाणी दुपारी उन्हात ठेवा आणि शेण दुपारीच घाला. घुमटावर पालापाचोळा आणि शेणखताचा थर द्या.

खरकट्यावर चालणारी टाकी

जनावरं नाहीत त्यांच्यासाठी पुण्याच्या आरती संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं प्लॅस्टिकच्या टाक्यांचं छोटं संयंत्र तयार केलं, त्याला २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शिळा भात, खराब पीठ, पिकून गेलेली फळं यांपासून ते गॅस देतं, आणि शेणापेक्षा फार लवकर देतं.

इथली नेहमीची चूक उलटी आहे, इथं जास्त खाऊ घातलं जातं. लग्नाचं उरलेलं सगळं अन्न एकदम ओतलं की आत आंबतं, आम्ल वाढतं, मिथेन करणारे जिवाणू मरगळतात. आंबूस वास येतो आणि गॅस आला तरी पेटत नाही. पीएच कागदानं बघा, सामू (पीएच) साडेसहाच्या खाली गेला असेल तर आठवडाभर खाणं बंद. रोज थोडा शेणकाला आणि अगदी थोडी चुन्याची निवळी घाला. परत सुरू करताना मूठभरापासून सुरू करा. १००० लिटरच्या टाकीला दिवसाला दोन किलोच्या आसपास पुरे. लिंबाच्या साली, कांद्याची टरफलं, अंड्याची कवचं, हाडं घालू नका.

संडास जोडलेला गोबरगॅसही उत्तम चालतो. देहूचे डॉ. मापुसकर यांनी त्यावर आयुष्य घातलं. पण त्या संडासात अ‍ॅसिड किंवा फिनेल ओतलं की संयंत्र बसलंच समजा. ब्रश आणि पाणी, एवढंच वापरा.

टाकीत उतरू नका

गाळ काढायला, भोक बघायला, पडलेली बादली काढायला, कशालाही नाही. आत प्राणवायू नसतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचा वास थोड्या वेळानं नाकाला कळेनासाच होतो. एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची आपल्याकडे रीत आहे, ती इथं करू नका, भडका उडेल. टाकी पंपानं वरूनच उपसून घ्या. त्या कामाची यंत्रसामग्री आणि माहिती असलेली माणसं येईपर्यंत थांबा.

स्लरी गटारात सोडू नका

बाहेर येणारी स्लरी म्हणजे जवळजवळ तयार खत आहे. शेण जाळलं तर नत्र धुरात जातं, गोबरगॅसमधून आलं तर ते शेतात जातं. दोन खड्डे करा, एक भरत असताना दुसरा मुरू द्या. पालापाचोळ्यावर थर देत गेलात तर उन्हात नत्र उडून जात नाही. कडक उन्हात पसरून वाळवू नका.

नेपाळमध्ये १९९२ पासून घरगुती गोबरगॅसचा कार्यक्रम चालला तो याच छोट्या गोष्टी सांभाळून. एकच आराखडा, बांधकामाची कडक तपासणी, आणि बांधणाऱ्यानेच नंतर येऊन दुरुस्ती करून द्यायची. आपल्याकडे अनुदानाचा फोटो झाला की त्या घरी कुणी फिरकत नाही. तुमच्या गावात संयंत्र बांधायला येणाऱ्याकडून नंतरच्या दोन फेऱ्या लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.

दोन वर्षं बंद असलेला पुन्हा सुरू करताना

वहिनींच्या घरी असं केलं. बाहेरच्या हौदावर सुकून बसलेली साय लांब बांबूनं, वरूनच, फोडली. आत येणाऱ्या पाइपातून बांबू खालीवर करून वाट मोकळी केली. साचलेल्या पाण्याची नळी बदलली, तारेनं वर बांधली, खालच्या टोकाला कॉक बसवला. शेजारच्या वाडीवरून टेंपोतून चार पिंप चालू स्लरी आणून ओतली. पहिला आठवडा रोज दोनच पाट्या शेण, मग हळूहळू वाढवत नेलं. भाऊजी आठव्या दिवशीच काडी लावायला निघाले होते, वहिनींनी थांबवलं. त्या दिवशीचा गॅस सगळा सोडून दिला. बाहेरच्या हौदातली कोळशाची रेघ त्या रोज सकाळी बघत होत्या, आणि अठराव्या दिवशी ती स्लरीखाली बुडाली.

त्या संध्याकाळी निळी ज्योत लागली. वीस मिनिटंच टिकली, डाळ अर्धी शिजली, उरलेली चुलीवर ठेवली. महिन्यानं फोन केला तेव्हा दोन्ही वेळचा स्वयंपाक होत होता. आंघोळीचं पाणी मात्र अजून चुलीवरच होतं, कारण जनावरं तीनच आहेत.