बार्बाडोसला जाताय? शुक्रवारची रात्र ऑइस्टिन्ससाठी राखा

मुक्कामात एक तरी शुक्रवार येईल असं बघूनच तिकिटं काढा. त्या रात्री दक्षिण किनाऱ्यावरच्या ऑइस्टिन्स या कोळीगावात 'फिश फ्राय' रंगतो. मासळीबाजाराला लागून स्टॉल असतात आणि मार्लिन, माहीमाही हे मासे तुमच्यासमोर निखाऱ्यावर भाजून मिळतात. सोबत मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) घ्याच. सातच्या आत पोहोचलात तर बसायला जागा मिळते, नंतर रांगा लांबतात. जेवून लगेच परतू नका. खरी मजा पुढे आहे: एकीकडे सोका आणि रेगे या कॅरिबियन संगीताचा दणदणाट, तर दुसरीकडे जुन्या गाण्यांवर इथली वयस्क जोडपी इतकी सुरेख नाचतात की बघत राहावं.

मासे न खाणाऱ्यांना तळलेली केळी मिळतात, कधी नीरफणसही. डाळ-भातासारख्या दिसणाऱ्या 'राइस अँड पीज'मध्ये मात्र कधीकधी खारवलेलं मांस असतं, विचारून घ्या.

एक अमेरिकन डॉलर म्हणजे दोन बार्बाडोस डॉलर, आणि दोन्ही चालतात. म्हणून भाव कुठल्या डॉलरमध्ये सांगितला ते आधी स्पष्ट करा. रम पंच गोड लागतो पण जोरात चढतो. परतीला टॅक्सीच घ्या. लष्करी छाप्याचे कपडे घालून जाऊ नका, तिथे त्यांना कायद्याने बंदी आहे.