उभ्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी उतरते तेव्हा : शोध घेताना या चुका टाळा

चार-पाच दिवस जागेवर उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी रिमोटला दाद देईनाशी झाली की ‘बॅटरी उतरली’ असे म्हटले जाते आणि शोधाची दिशा तिथेच चुकते, कारण अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. चाके फिरवते ती काहीशे व्होल्टची मोठी लिथियम बॅटरी. दरवाजांची कुलुपे, गाडीतले संगणक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर चालवते ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी. छोटी उतरली की मोठी ८० टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. म्हणून उतरली ती कोणती, हे आधी ठरवावे.

दुसरी चूक म्हणजे कारण न शोधता छोटी बॅटरी बदलून मोकळे होणे. आमच्या सोसायटीतील एक शेजारी गणपतीसाठी रेल्वेने कोकणात गेले होते. नऊ दिवसांनी परतले, तर तळघरातल्या पार्किंगमधील त्यांची गाडी किल्लीने दार उघडावे लागेल इतकी निपचित पडलेली होती आणि मीटर १०.९ व्होल्ट दाखवत होता. नवी बॅटरी बसवली गेली आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा तीच गत झाली. डॅशकॅमची तार सतत चालू राहणाऱ्या फ्यूजला जोडलेली होती आणि गाडी उभी असतानाही कॅमेरा चित्रण करत होता. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली असेल तर साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती अर्धी रिकामी झालेली असते, आणि ती ११ च्या खाली पुन्हा पुन्हा गेली तर कायमची दुबळी होते. कारण तसेच राहिले, तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

सर्वांत जास्त फसगत होते ती प्रवाह मोजताना. दार उघडून, बॉनेट वर करून लगेच मीटर लावला तर काही अँपिअरचा आकडा दिसतो आणि माणूस घाबरतो. पण तो आकडा जाग्या गाडीचा असतो. गाडीचे सगळे संगणक झोपी जायला अर्धा तास, काही गाड्यांत तासही लागतो. त्यासाठी बॉनेट उघडे ठेवून त्याचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवावे, म्हणजे ते बंद आहे असे गाडीला वाटते. गाडी लॉक करून किल्ली दूर घरात ठेवावी, कारण जवळ असलेली स्मार्ट किल्ली गाडीला जागे ठेवू शकते. आणि मगच डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर छोट्या बॅटरीच्या ऋण तारेभोवती लावावा. साधा मल्टीमीटर मध्ये जोडला आणि तेवढ्यात गाडी जागी झाली, तर मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज उडतो. झोपलेल्या गाडीचा प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तो ३०० असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांतच संपते. त्यानंतर सरसकट फ्यूज उपटत बसू नये, कारण त्यानेही झोपलेले संगणक जागे होतात. प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांमधील मिलिव्होल्ट मोजावेत. जिथे आकडा उमटतो, त्या वाटेने प्रवाह जात असतो.

मोठी बॅटरी उतरत असेल तर टक्क्यांकडे नुसते पाहू नये, त्यांचे वॅट करावेत. ४० किलोवॅट-तासांच्या बॅटरीतून दिवसाला ५ टक्के जात असतील, तर ते २ किलोवॅट-तास, म्हणजे अखंड सुमारे ८३ वॅट झाले. डॅशकॅम एकटा एवढे खात नाही. एवढा खर्च दिसला की गाडी झोपतच नाही असे समजावे. कॅमेऱ्यांचा पहारा, बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा, किंवा तासातासाला उघडले जाणारे मोबाइल ॲप यांपैकी काहीतरी तिला जागे ठेवत असते. तळघरात मोबाइलचे सिग्नल मिळत नसतील, तर गाडीतील संपर्क यंत्रणाही शोध घेत जागी राहू शकते. लिथियम बॅटरी आपोआप उतरण्याचे प्रमाण महिन्याला काही थोडेच टक्के असते, त्यामुळे ‘जुनी झाली म्हणून उतरते’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत मात्र व्होल्टेज बराच काळ जवळपास स्थिर राहत असल्याने टक्क्यांचा अंदाजच चुकू शकतो. अशा वेळी एकदा १०० टक्के चार्ज करून पुन्हा पाहावे.

गाडी चार्जरला लावून ठेवली की छोटी बॅटरीही भरलेली राहते, हाही एक गैरसमज आहे. काही गाड्यांत चार्जिंग पूर्ण झाले की छोटीला मोठीतून वीज पुरवणारा कन्व्हर्टर थांबतो. तो मुळात काम करतो का, हे गाडी चालू करून तपासता येते. छोट्या बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसले नाहीत तर दोष डॅशकॅममध्ये शोधत बसू नये. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक ५ परत मागवली, ती चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या अशाच भागातील दोषामुळे छोटी बॅटरी उतरू शकते म्हणून. या भागाला आणि मोठ्या बॅटरीच्या नारिंगी आवरणाच्या कोणत्याही तारेला घरी हात लावू नये. गाडी सेवा केंद्रात देताना किती तासांनी किती व्होल्ट आणि किती मिलिअँपिअर दिसले, याची लेखी नोंद सोबत द्यावी.